खडूने लिहिलेला हुद्दा

अण्णा,

तुमची नात काल स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली. कारण ऐकलं असतंत तर तुम्ही आधी हसला असतात आणि मग मी तुमच्यावर चिडले असते. त्यापेक्षा मीच सगळं सांगून टाकते, तुम्ही मागाहून काय हसायचं ते हसा. ही धाकट्याची मुलगी. तुम्ही गेलात तेव्हा जन्मलीही नव्हती. पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि अधूनमधून इथं उमरग्याला येऊन वरच्या खोलीत बसून काम करते. घरात बसून ऑफिस चालतं हे तुम्हाला पटायचं नाही. मलाही पटायला वेळ लागला, आणि माझा तर सगळा जन्म त्याच यंत्रासमोर गेला.

झालं असं की तिची कंपनी दुसऱ्या कोणी विकत घेतली. नव्या मालकांना म्हणे माणसांत उतरंड आवडत नाही. त्यामुळे त्यांनी सगळ्यांचे हुद्दे काढून घेतले आणि सरसकट एकच दिला. ही आधी ट्रेनी होती, मग सॉफ्टवेअर इंजिनियर झाली, मग त्या शब्दाआधी ‘सीनियर’ लागलं, आणि गेल्या वर्षी ‘टेक लीड’ झाली तेव्हा तिनं मला पेढे आणून दिले होते. आता ती ‘मेंबर ऑफ टेक्निकल स्टाफ’. काल कॉलेजातून आलेली पोरं, ज्यांना हिनंच काम शिकवलं, तीही मेंबर.

“मेंबर म्हणजे? ग्रामपंचायतीचा असतो तसा?” मी विचारलं.

ती रडता रडता हसली. मग हसल्याचा राग येऊन आणखी रडली. “आत्या, तुला चेष्टा सुचते. लोकांना वाटेल मला खाली ओढलं.”

“ओढलंच आहे. वाटायचं काय त्यात?”

मला असं बोलायला नको होतं, पण माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी धारदार करून दिली आणि तुम्ही फीचे पैसे भरले.

तिच्यासमोर दुसरी वाट होती. हैदराबादची एक कंपनी तिला बोलावत होती, आणि तिथला हुद्दा ऐकून मीसुद्धा सरसावून बसले. ‘प्रिन्सिपल इंजिनियर’. प्रिन्सिपल म्हटलं की मला अजून पांढऱ्या झग्यातल्या, चाव्यांचा जुडगा वाजवत येणाऱ्या मदर आठवतात आणि आपोआप पाठ ताठ होते. फक्त तिथलं काम म्हणजे कुठल्याशा जुनाट सॉफ्टवेअरच्या उशाशी बसायचं आणि त्याला मरू द्यायचं नाही, एवढंच. पुण्याच्या कंपनीत ती दवाखान्यांसाठी काहीतरी नवं बांधते आहे. कोणत्या गावाला कोणती लस कधी पोचेल, वाटेत ती खराब होईल का, असलं काही. सांगायला लागली की तिला चहाची आठवण राहत नाही. म्हणजे एकीकडे आवडतं काम आणि नावाला मेंबर, दुसरीकडे भारदस्त नाव आणि उशाशी बसणं. सोमवारच्या आत दोन्हीकडं कळवायचं होतं. “तू काय केलं असतंस?” असं ती मला विचारत होती, आणि मला त्या ओट्यापाशी तिच्या जागी मी दिसत होते, माझ्या जागी तुम्ही.

हुद्दा बदलणं तुमच्या अंगवळणी पडलेलं होतं. निजामाच्या राज्यात तुम्ही गिरदावर म्हणून लागलात. राज्य गेलं तसे सर्कल इन्स्पेक्टर झालात. मग मराठीचा कारभार आला आणि तुम्ही मंडळ निरीक्षक झालात. काम तेच. सायकलवरून गावोगाव हिंडायचं, तलाठ्यांची दप्तरं तपासायची, उभी पिकं पाहायची, बांधावरची भांडणं ऐकायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला एकदा जळकोटला नेलं होतं. चावडीसमोर लिंबाखाली एक म्हातारे बसले आहेत. तुम्हाला बघून ओरडतात, “आरं, बाज टाका की. गिरदावरसाब आलेत.” तरणा तलाठी त्यांना समजावतो, “आजोबा, आता गिरदावर न्हाय म्हणायचं. सर्कल म्हणायचं.” म्हातारे विचारात पडतात. “ह्येंची बदली झाली व्हय?” “न्हाय.” “सायेब दुसरे आले का?” “न्हाय वो.” “मंग गिरदावरच की,” म्हणून ते विडी पेटवतात, आणि तुम्ही बाजेवर बसून घेता. तुम्हाला कोणीही काहीही म्हणावं, तुम्ही ओ देत होतात.

मला मात्र ते कधीच जमलं नाही. सोलापूरच्या कॉन्व्हेंटात पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या सिस्टरांनी विचारलं होतं, वडील काय करतात? मी उभी राहून गिरदावर म्हटलं. त्यांना कळेना. त्यांनी परत विचारलं. ते गावोगाव फिरतात, हे मी घाबरून इंग्रजीत सांगितलं, “ही गोज राउंड.” सगळा वर्ग हसला. मग पुढच्या खेपेला मी शहाणपणा केला आणि ‘सर्कल इन्स्पेक्टर’ सांगितलं. झालं, मुलींनी तुम्हाला फौजदार करून टाकलं. भेटीच्या रविवारी तुम्ही शेंगाचटणीचा डबा आणि पेढे घेऊन आलात, तर अर्ध्या मुली खांबाआड. त्यातल्या एका धीट पोरीनं पुढं होऊन विचारलं, “काका, तुमचं पिस्तूल कुठंय?” तुम्ही क्षणभर माझ्याकडं पाहिलंत. माझा चेहरा पडलेला. मग अगदी गंभीरपणे म्हणालात, “घरी ठेवलंय. आज रविवार हाय न्हवं.” त्या दिवसापासून वसतिगृहात माझ्या वाट्याला कोणी गेलं नाही. तुम्ही एका शब्दानं मला खोटं पाडलं नाहीत, आणि घरी आल्यावर विषयसुद्धा काढला नाहीत.

मग मी कारखान्यात लागले. साखर कारखान्यात कॉन्व्हेंटची मुलगी काय करणार, असं सगळ्या भावकीनं तुम्हाला विचारून घेतलं होतं. हिशेब खात्यात टायपिस्ट म्हणून घेतलं आणि वर्षभरात कॉम्प्युटर आला. तो कोणाच्या गळ्यात घालायचा? इंग्रजी वाचता येणाऱ्या बाईच्या. मला सोलापूरला शिकायला धाडलं, आणि परत येऊन मी एकटीनं वजनकाट्यावरच्या पावत्यांपासून ऊसबिलापर्यंतचे प्रोग्रॅम लिहिले. खोलीला एसी होता. कारखान्यात चेअरमनच्या केबिनखेरीज एसी तिथंच. त्यामुळे बाहेर चपलांचा ढीग असे. काट्यावरचा माणूस पावत्या घेऊन आला की उंबऱ्याला हात लावून मगच आत पाऊल टाकायचा. खंडेनवमीला शिपायानं इतर यंत्रांसारखी या यंत्राचीही पूजा मांडली आणि मोठ्या भक्तीनं कीबोर्डवर मूठभर कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी तो उलटा करून बडवत बसले होते मी. पुढच्या वर्षापासून नियमच केला, हळदकुंकू फक्त झाकणाला.

एवढं सगळं करून हजेरीपटावर मी टायपिस्टच. कारखान्याच्या आकृतिबंधात कॉम्प्युटरचं पदच नव्हतं, आणि जे पद नाही त्यावर माणूस कसा दाखवणार? पुढं कोणीतरी कुठून तरी शोध लावून मला पंच ऑपरेटर केलं. माझ्या खोलीत पंच करण्यासारखं काहीही नव्हतं, दोन भोकं पाडायचं फाइलीचं यंत्र सोडून. मग डेटा एंट्री ऑपरेटर. दर खेपेला नवा आदेश निघायचा, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच खुर्चीत बसून तेच करायची. तेवढ्यात चेअरमनचा भाचा कॉलेज संपवून आला. त्याच्यासाठी मात्र पद एका बैठकीत तयार झालं, सिस्टिम मॅनेजर. मुलगा वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्यानं मला मान खाली घालून विचारलं, “मॅडम, हे चालू कुठून करायचं?”

त्या शनिवारी मी घरी आले ती धुमसतच. तुम्ही पाटावर बसून भाकरी खाताय, आई तव्याशी आहे, आणि मी उभ्या उभ्या बोलते आहे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. पाणी प्यालात. आणि म्हणालात, “तुला राग कशाचा आलाय? कामाचा का नावाचा?”

“दोन्हीचा.”

“न्हाय. काम तुझ्याच हातात हाय, त्ये कुणी घेतलं न्हाय. राग नावाचा हाय. नावासाठी एवढा जीव जाळायचा? कॉन्व्हेंटात ह्येच शिकवलं व्हय?”

मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, “तुम्हाला बोलायला सोपं आहे. तुमचा हुद्दा सरकारनं दोनदा बदलला तरी मागचं साब कोणी काढलं नाही. गिरदावरसाब, सर्कलसाब. मला बाई म्हणतात. टायपिस्ट बाई, पंच बाई, कॉम्प्युटरच्या बाई. त्या पोराला पहिल्या दिवसापासून साहेब म्हणतात. पुढचा शब्द गेला तर तुमच्याकडं साब उरतो. माझ्याकडं काय उरेल?”

आईचा हात तव्यावर थांबला. तुमच्याशी त्या घरात असं कोणी बोललं नव्हतं. उरलेली भाकरी संपवलीत, हात धुतलेत आणि बाहेर जाऊन बसलात. मला वाटलं, तुम्हाला राग आला. आता वाटतं, तुम्ही बाहेरच्या ओट्यावर बसून मला द्यायचं उत्तर शोधत होतात.

ते तुम्ही महिन्याभरानं घेऊन आलात, रुमालात गुंडाळून, एसटीनं, थेट कारखान्यावर. गेटवर काय झालं ते मला वॉचमननंच नंतर किती वेळा तरी सांगितलं. प्रत्येक वेळी तो तुमचा आवाज काढायचा.

“सायेब हायेत का आत?”

“कोनते सायेब, काका? चेअरमनसायेब सोलापूरला गेलेत.”

“कॉम्प्युटरचे.”

“तिथं तर बाई हायेत.”

“त्येच. जाऊन सांग, सायेबांचे वडील आलेत म्हणावं.”

तो धावत आला आणि दारात उभा राहून काय बोलावं ते न सुचून म्हणाला, “सायेब, तुमचे वडील आलेत.” खोलीत हिशेब खात्याची दोन माणसं होती, तो भाचा होता. सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही मागोमाग आलात, चप्पल बाहेर काढलीत, आणि टेबलावर रुमाल सोडलात. आत लाकडी पाटी. सुताराकडून करून घेतलेली आणि हायवेवरच्या, ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडून रंगवलेली. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरांत माझं नाव, मध्ये तुमचं, मग आडनाव. अक्षरांना निळी सावली. दोन कोपऱ्यांत दोन कमळं, ट्रकच्या मागं असतात तशी. आणि नावाखाली एक रुंद काळी पट्टी, शाळेतल्या फळ्याच्या रंगाची, कोरी. रुमालाच्या टोकाला खडू बांधून आणला होतात.

“नाव पक्क्या रंगात हाय,” तुम्ही म्हणालात. “त्ये कुणाला पुसता यायचं न्हाय. खाली खडू चालव. ह्ये लोकं बदलतील तसं बदलत जा. बदललं की पुसायचं, नवं लिव्हायचं. पेंटरला सारखं सारखं कुठं बोलवत बसतीस?”

मी म्हटलं, “अण्णा, लोकं मला ट्रक समजतील.”

“समजू दे की. ट्रकला वाट देतेत सगळे.”

भाचा इतका हसला की त्याला खोकला आला. मी चिडले होते, आणि तरीही पाटी त्याच दिवशी टेबलावर उभी केली. खडूनं काय लिहायचं ते सुचेना म्हणून त्या दिवशी पट्टी कोरीच ठेवली. वॉचमन मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर हात वर करून म्हणाला, “नमस्ते, सायेब.” चेष्टेतच म्हणाला. त्याचं ऐकून ट्रॅक्टरवाले म्हणू लागले, तेही चेष्टेतच. मग काट्यावरची माणसं. पुढच्या गळीत हंगामापर्यंत चेष्टा कधी निघून गेली कळलं नाही आणि शब्द तेवढा मागं राहिला. तो भाचा लवकरच पुण्याला निघून गेला. जाताना त्यानंही मला साहेब म्हणूनच निरोप घेतला. तुम्ही मला हा शब्द मुद्दाम दिलात की त्या दिवशी वॉचमनची गंमत केलीत, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

पट्टीवर मग मी बरंच काही लिहिलं आणि पुसलं. प्रोग्रामर. ईडीपी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग, इनचार्ज. इथपर्यंत तुम्ही होतात, दर खेपेला आलात की चष्मा लावून वाचायचात आणि “ह्ये काय असतंय?” म्हणून विचारायचात. मी सांगायची. तुम्ही म्हणायचात, “म्हंजे काल व्हतं त्येच.” तुमच्यामागं सिस्टिम ॲनालिस्ट आलं, आयटी ऑफिसर आलं. ईडीपी हा शब्दच लोक विसरले. मशीन टेबलाएवढं होतं ते वहीएवढं झालं. शेवटी आयटी मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, आणि अण्णा, तो हुद्दा मी भांडून घेतला. बोर्डाच्या बैठकीत उभं राहून, मराठीत सुरुवात करून इंग्रजीत संपवून. तुमचं म्हणणं होतं की नावासाठी जीव जाळू नये. मी जाळला आणि मला त्याचा पस्तावा नाही. ज्यांना पाळण्यातच साहेब म्हणतात त्यांनी खुशाल म्हणावं की हुद्द्यात काय आहे. ते तिच्या कंपनीचे नवे मालक म्हणे स्वतःही मेंबरच म्हणवून घेतात. घेतील नाही तर काय? ते कोण आहेत हे कोणाला सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते हिला. बैठकीत ही बोलायला लागली की समोरचा आधी हिच्या नावाखालची ओळ वाचतो आणि मग ऐकायचं की नाही ते ठरवतो. हे तिनंच मला सांगितलं, आणि ते ऐकून माझं डोकं इतकं तापलं की मी तिला हैदराबादला जा म्हणून सांगून टाकलं.

तिनं नाक पुसलं आणि विचारलं, “आजोबा काय म्हणाले असते?”

आता तुमच्या नातीशी खोटं कसं बोलू? मी सांगितलं. गिरदावरापासून सांगितलं, पाटावरचं भांडण सांगितलं, गेटवरचं सांगितलं. वॉचमन काढायचा तसा तुमचा आवाजही काढला. ती ओट्याला टेकून खाली बसून ऐकत राहिली, चहा गार झाला. सांगून झाल्यावर म्हणाली, “म्हणजे ते तुला नाव सोड म्हणाले आणि मग स्वतःच येऊन नाव देऊन गेले.”

एवढी वर्षं तुमच्याशी मनात भांडते आहे, मला हे असं कधी दिसलं नव्हतं.

मग ती गच्चीवर गेली आणि तिच्या मॅनेजरला फोन लावला. मी जिन्यात उभी राहून ऐकलं, ऐकू नये असं सिस्टरांनी शिकवलेलं असूनही. ती म्हणत होती, मेंबर तर मेंबर, माझं काम माझ्याकडं राहू द्या. पण दर बैठकीच्या सुरुवातीला या कामातला शेवटचा निर्णय माझा आहे हे तुम्ही तुमच्या तोंडानं सांगायचं, पोरांसमोर. पहिल्या आठवड्यात एकदा नाही, दर वेळी. पलीकडून त्यानं ‘दर वेळी?’ असं विचारलं असावं. मग ती म्हणाली, “हो, गेटवर सांगतात तसं.” त्या बिचाऱ्याला काय कळलं असेल कोण जाणे. पण हो म्हणाला. खाली येऊन तिनं हैदराबादला नाही कळवून टाकलं आणि मला म्हणाली, “आत्या, मी राहतेय. भूक लागली.” मला अजून वाटतं तिनं प्रिन्सिपल व्हायला हवं होतं. पिठलं मात्र मी तिला आवडतं तसं केलं.

जेवताना तिनं पाटी मागितली. ती माझ्या खोलीत भिंतीवर असते. तिला ती पुण्याला न्यायची आहे. कॅमेऱ्यासमोर बसते तेव्हा पाठीमागं सगळ्यांना दिसेल अशी टांगायची आहे. मी म्हटलं, त्यावर माझं नाव आहे. तर म्हणते, “नाव तुझंच राहू दे. खालची पट्टी माझी.” मी तिला सांगितलं की पाटी भिंतीत पक्की बसवलीय, काढली तर गिलावा निघेल. तिनं मान हलवली आणि ताटाकडं पाहिलं.

पाटी एका खिळ्यावर नुसती अडकवलेली आहे, अण्णा. तुम्हाला म्हणून सांगते. निवृत्त होऊन वर्षं झाली, कोणी विचारलं की मी ठसक्यात सांगते, आता कसला हुद्दा, मोकळी आहे. आणि दर खंडेनवमीला खोलीचं दार लावून ती पाटी खाली उतरवते, हळदकुंकू लावते, आणि पुसट झालेलं ‘आयटी मॅनेजर’ नव्या खडूनं गिरवून परत टांगते. आपल्या उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेवढं मोठं नाव लोकांनी पुसून नवं लिहिलं. मला एवढीशी पट्टी पुसवेना.

हा कागद मी घडी करून उशीखाली ठेवते आहे, तो काही कुठं जायचा नाही. पाटी मात्र जाईल. उद्या ती निघायच्या आधी काढून देते तिच्या हातात, आणि ओलं फडकंही देते. पुसायचं ते तिनं पुसावं. माझ्याच्यानं ते होणार नाही.